गाडी दारात असताना

माझ्या चुलतभावाची मुलगी ऋतुजा हिंजवडीला नोकरी करते. मध्यंतरी एका रविवारी ती लेकीला घेऊन माझ्याकडे आली ती हातातला फोन पुढे करतच. सुट्टीत सगळ्यांनी घाटाखालच्या थीम पार्कला जायचं ठरलं होतं आणि त्यावरून घरात दोन तट पडले होते. "आत्या, आता तूच सांग. पार्कपासून वॉकिंग डिस्टन्सवर एक बरं हॉटेल आहे. आदल्या दिवशी जाऊन तिथे राहायचं, की पहाटे उठून घरूनच ड्राइव्ह करत जायचं? हा म्हणतो, दारात दोन गाड्या असताना हॉटेल कशाला?" मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, "राहायचं. चालत जाता येईल असंच बघ." तिला वाटलं, आत्याच्या गुडघ्यांचं काहीतरी. मी सांगायला लागले तेवढ्यात तिच्या लेकीनं सोफ्यावरून उडी मारून कुंडी पाडली आणि विषय तिथेच राहिला. म्हणून तो इथे लिहिते आहे. "दारात गाडी असताना" हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते ऋतुजाच्या आजोबांच्या तोंडून, आणि त्यांना उत्तर दिलं होतं ते माझ्या आईनं.

धायरी तेव्हा गाव होतं. आज जिथे माझा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे तिथे खाली आमचा गोठा होता, हे मी शेजाऱ्यांना सांगते तेव्हा ते हसून लिफ्टचं बटण दाबतात. घरात थोरले चुलते आप्पा (ऋतुजाचे आजोबा), त्यांची बायको काकू, त्यांची चार मुलं, माझे आईवडील आणि मी. वडिलांना सगळे दादा म्हणत. ते सातारा रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या भांडारात कामाला होते, रोज सायकलनं जात आणि घरी आले की फारसं बोलत नसत. शेती, म्हशी, गावकी आणि घरातला शेवटचा शब्द, हे सगळं आप्पांकडे. सकाळ व्हायची ती म्हशींच्या साखळ्यांच्या आवाजानं, मग काकूच्या भाकरी थापण्याचा एकसुरी पट्‌पट्‌ आवाज, त्यावर आप्पांच्या रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम. काकू भाकरी करायची, आई कालवण. दोघी एका चुलीशी खांद्याला खांदा लावून बसत आणि तासन्‌तास एकमेकींशी एक शब्द न बोलता एकमेकींच्या हाताला लागेल ते भांडं बरोबर पुढे सरकवत. मला ते भांडण वाटायचं. ते भांडण नव्हतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आई बुधवार पेठेतली. तिचे वडील पुस्तकांची बांधणी करायचे. खळीच्या वासात आणि कागदाच्या कातरणांत ती वाढलेली. बोलणं शुद्ध, तोकडं आणि नेमकं. आप्पा म्हणत, "धाकटी छापील बोलती." तेही तिला नव्हे, दुसऱ्या कुणाला तरी सांगत. आमच्याकडे मोठा दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. "तुझ्या आईला म्हणावं ताक पाठव," असं आप्पा मला सांगायचे, आणि दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली आई ताक घेऊन यायची. तीही कधी उलट बोलायची नाही. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत तरी नाही.

आईला गाडी लागायची. थोडीथोडकी नव्हे. लग्न होऊन पेठेतून धायरीला येताना वऱ्हाडाच्या टेंपोत तिला तीनदा उलटी झाली होती, आणि उंबऱ्यावर माप ओलांडताना तिचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा होता, ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला सांगितली जायची. स्वारगेटच्या बसमध्येही तिचं तेच. म्हणून माहेरी जायचं तर ती चालत जायची. कॅनॉलच्या कडेनं वडगाव, हिंगणे, पर्वती करत अडीच तासांत ती पेठेत पोचायची आणि चहा घेऊन संध्याकाळी परत यायची. चालण्यात तिला गावात कुणी हरवलं नसतं. मी लहानपणी तिच्या मागे अक्षरशः पळत असे.

मग आप्पांनी जीप घेतली. हिरवी, वर ताडपत्रीचं छत, मागे समोरासमोर दोन लांब बाकडी. जीप आल्यापासून आमचं घर देवाधर्माला फार जाऊ लागलं. आप्पा स्वतः चालवत. त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर दादा आणि एखादा पाहुणा. बायका आणि पोरं मागे, आडव्या बाकड्यांवर, गुडघ्याला गुडघे लावून, पायांत डबे आणि पाण्याची कळशी. प्रत्येक सहलीच्या आदल्या दिवशी आई आणि काकू दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीची कोरडी भाजी, तिखटामिठाच्या पुऱ्या असं दोन वेळचं रांधून ठेवत, आणि त्यातला एक घासही आईच्या पोटात कधी गेला नाही. कात्रज ओलांडायच्या आत तिचं डोकं माझ्या मांडीवर असायचं. तिच्यासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी घेतलेली असे आणि निघताना आप्पांचा मोठा मुलगा ओरडायचा, "चुलतीची पिशवी घेतली का?" मग सगळे हसायचे. मीही हसायचे. एकदा महाबळेश्वरहून आल्यावर शेजारच्या बाईनं आईला विचारलं, "कसं आहे हो महाबळेश्वर?" आई म्हणाली, "छान आहे. ताडपत्रीच्या भोकातून चांगलं दिसतं."

वडगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना पुढे बसवा, समोरचा रस्ता दिसू द्या, निम्मा त्रास जाईल. ते माझ्यासमोर सांगितलं होतं, दादांच्याही समोर सांगितलं होतं. घरी आल्यावर त्याचं काही झालं नाही. आई मागे आणि दादा पुढे, असंच आम्ही आणखी दोन वर्षं देव पाहिले.

मी बारावीची परीक्षा दिली त्या मे महिन्यात घाटाखाली एक नवी बाग सुरू झाली होती. बाग म्हणायची एवढंच; आत उंच पाळणे, रुळांवरून गरगर फिरणाऱ्या गाड्या, झुलती नाव, पाण्यावरचं घर, असं सगळं. तेव्हा थीम पार्क हा शब्द आमच्यापर्यंत आला नव्हता, आम्ही त्याला पाळण्यांची बाग म्हणत होतो. वर्तमानपत्रात अर्ध्या पानाची जाहिरात होती. ती पोरांनी कापून भिंतीला चिकटवली. आप्पांनी एका संध्याकाळी ओट्यावर बसून जाहीर केलं, "येत्या बुधवारी जायचं. पहाटं निघायचं, दिसभर पोरास्नी खेळू द्यायचं आन् रातच्याला घरी."

मी आत स्वयंपाकघराच्या दारात बसून मेथी निवडत होते. सतरा वर्षांची होते, परीक्षा संपलेली होती, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचे ते दिवस. मी म्हटलं, "आप्पा, आईला पुढे बसू द्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

आप्पांना आधी ऐकूच आलं नसावं. मी परत म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "पुढं? गावातनं गाडी न्यायची हाय मला. पुढच्या शिटावर बाईमाणूस बसवून?"

"मग आम्ही आदल्या दिवशी जाऊन राहतो. जाहिरातीत लिहिलंय, दरवाज्यापासून चालत पाच मिनिटांवर राहायची सोय आहे. एक रात्र झोप मिळाली तर आईला दुसऱ्या दिवशी बाग बघता येईल. नाहीतर ती दिवसभर बाकावर आडवी असते आणि संध्याकाळी परत तोच घाट."

"लाजवर?" लॉजला आप्पा लाजच म्हणत; त्यांचा आवाज चढला. "गाडी दारात उभी असताना लाजवर ऱ्हायचं? लोक त्वांडात शेण घालतील."

काकू चुलीपाशी बसली होती. तिनं वाद मिटवायचा म्हणून असेल, नाहीतर खरंच तसं वाटलं म्हणून असेल, हळूच म्हटलं, "इंदू, तू घरीच ऱ्हा की मग. म्हशी बी कुणीतरी बघायच्या हायतच. तुझ्या जिवाला तरी किती त्रास."

आई आमटीला फोडणी देत होती. मोहरी तडतडली, तिनं हिंग टाकला, हळद टाकली, पातेलं उतरवलं, हात पदराला पुसले आणि दारात येऊन उभी राहिली. ओट्यावर बसलेल्या आप्पांकडे सरळ बघून ती म्हणाली, "मी येणार आहे. पण गाडीतून नाही."

दादा खाली मान घालून सायकलच्या पंपाशी काहीतरी करत होते. आप्पांनी आईकडे न बघता मला विचारलं, "मग काय उडत येणार का तुझी आई?"

"चालत," आई म्हणाली. आणि आत गेली.

पुढचे दिवस घरात कुणी धड बोललं नाही. काकू भांडी आपटायची. पोरांनी मला वाळीत टाकलं, कारण माझ्यामुळे सहल रद्द होईल अशी त्यांना भीती होती. आई मात्र रोजच्यासारखी. फक्त सहलीच्या पिठाचं नाव निघालं तेव्हा ती काकूला म्हणाली, "अक्का, मी आम्हा दोघींपुरत्या दशम्या करून घेईन. तुमचं तुम्ही बघा." काकूच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. घरातल्यांचा राग माणूस सोसतं, पण पहाटे उठून एकटीनं सात जणांचं रांधायचं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. मला तेव्हा काकूची दया आली नाही. आता येते.

सोमवारी संध्याकाळी दादा कारखान्यातून आले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पोस्टकार्ड काढून आईच्या पोळपाटाशेजारी ठेवलं. त्यावर लॉजचा शिक्का होता. दादांनी घरात कुणाला न सांगता कारखान्यातून पत्र पाठवून खोली राखून ठेवायला सांगितलं होतं, आणि त्याचं हे उत्तर होतं. आईनं पत्र दोनदा वाचलं. "तुम्ही येताय आमच्याबरोबर?" तिनं विचारलं. दादा म्हणाले, "आप्पाला वाईट वाटेल." आईनं पोस्टकार्ड डब्यांच्या मागे ठेवलं आणि पोळी लाटायला घेतली.

मंगळवारी तांबडं फुटता फुटता आम्ही दोघी निघालो. खांद्याला एकेक पिशवी. कॅनॉलच्या कडेनं तेव्हा बाभळी होत्या, पाणी भरून वाहायचं, धोब्यांच्या दगडांवर अजून कुणी आलेलं नव्हतं. (आता तो भाग मी रिक्षातून बघते तेव्हा पाणी कुठून जात होतं तेही ओळखू येत नाही.) आई पुढे, मी मागे. पर्वतीपाशी आम्ही पाणी प्यायलो. पेठेत मामाच्या बोळाच्या तोंडाशी मी थांबले, म्हटलं चहा घेऊन जाऊ. आई म्हणाली, "तिथे गेलं की ते समजूत घालतील. चल." गणपतीच्या देवळासमोर तिनं चपला न काढता रस्त्यावरूनच हात जोडले आणि वेग कमी केला नाही. शिवाजीनगरच्या स्टेशनावर पोचलो तेव्हा माझ्या टाचेला फोड आला होता आणि आईच्या कपाळावर साधा घामही दिसत नव्हता.

पॅसेंजर गाडी रडतरखडत निघाली. मी आईकडे बघत बसले होते. सवयीनं पिशवी हाताशी ठेवली होती. तळेगाव गेलं, लोणावळा गेलं. आगगाडीचा सारखा एका लयीत चाललेला डुगडुग आवाज, उघडी खिडकी, तोंडावर येणारं वारं. घाटातला पहिला बोगदा संपून उजेड आला तेव्हा आईनं दशमीचं फडकं सोडलं आणि चटणी लावून खायला सुरुवात केली. चालत्या गाडीत माझी आई जेवताना मी पहिल्यांदा पाहत होते. ती सावकाश, चवीनं खात होती आणि दरीकडे बघत होती. दोन दशम्या संपल्यावर म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय. इतकी वर्षं तुम्ही चांगलं खात होतात की."

घाटाखालच्या स्टेशनावरून बागेपर्यंत टांगे जात. टांगेवाल्यानं आम्हाला मागच्या बाजूला बसायला सांगितलं. आईनं एकदा त्या मागे तोंड करून बसायच्या जागेकडे पाहिलं, मग चाकावर पाय देऊन सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्यानं "बाई, तिथं धूळ येते" असं म्हणून पाहिलं. "येऊ दे," ती म्हणाली. सगळा रस्ता तिनं घोड्याच्या कानांमधून समोर बघत काढला. पोचलो तेव्हा केसांवर धुळीची पावडर आणि तोंडावर हसू.

लॉज म्हणजे खाली खानावळ आणि वर ओळीनं पाच खोल्या. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बागेची भिंत, आणि भिंतीवरून डोकं काढणारा तो अवाढव्य पाळणा. मालक बनियनवर बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी खांद्यावर टॉवेल ओढला, पोस्टकार्ड उलटसुलट केलं आणि आमच्या मागे रस्त्यावर कुणाला तरी शोधू लागले.

"खोली आहे तुमची. पण यजमान कुठं आहेत?"

"त्यांना गाडी लागत नाही," आई म्हणाली. "ते उद्या गाडीनं येतील."

"म्हणजे आज दोघीच? तसं आम्ही देत नाही हो बाई. नुसत्या बायकांना नाही देत."

इथून परत जायचं म्हणजे आप्पांच्या समोर जाऊन उभं राहायचं. आईनं पिशवी खाली ठेवली. "कार्डावर नावं काय लिहिली आहेत? 'सौ. इंदुमती आणि मुलगी.' तिसरं नाव आहे का? नाही. तुमच्या उत्तरात 'खोली राखून ठेवली आहे' असं लिहून खाली सही कुणाची आहे? तुमची. वाचता येत नसेल तर मी मोठ्यानं वाचून दाखवते. जेवायला बसलेली मंडळीही ऐकतील." खानावळीतली दोन माणसं खरंच घास हातात धरून बघत होती. मालकांनी वही पुढे सरकवली.

वहीत येण्याचं कारण लिहायला एक रकाना होता. वरच्या सगळ्या ओळींत कामानिमित्त, कामानिमित्त, कामानिमित्त. आईनं पेन घेतलं, वडिलांच्या दुकानात शिकलेल्या गोल अक्षरांत आपलं नाव लिहिलं, आणि कारणाच्या जागी लिहिलं, "पाळण्यात बसणे."

त्या संध्याकाळचं काही विशेष सांगण्यासारखं नाही, आणि तरी आईचं आठवलं की मला तीच संध्याकाळ आठवते. खोलीत दोन लोखंडी खाटा, निळ्या पट्ट्यांच्या चादरी, एक खिडकी. आई आंघोळ करून आली, केस मोकळे सोडून खाटेवर पाय लांब करून बसली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. मग मला म्हणाली, "सुमे, आता कुणी हाक मारणार नाही ना?" मी म्हटलं नाही. तरी खाली कुणी भांडं पाडलं की तिचा हात पदर खोचायला जायचा. खाली जेवायला गेलो तर ताट वाढून समोर आलं. तिनं आमटीचा भुरका घेतला. "पाणचट आहे," ती म्हणाली, आणि दोन वाट्या आणखी मागून घेतल्या. "मी केली नाही ना, म्हणून बरी लागतेय." उजेड पुरता जायच्या आत ती झोपली, आणि सकाळी मी उठवेपर्यंत कूस बदलली नाही.

बुधवारी फाटक उघडलं तेव्हा आम्ही पहिल्या होतो. आई आधी मोठ्या पाळण्यात बसली. वर गेल्यावर ती किंचाळेल असं मला वाटलं होतं. ती घाट शोधत होती. "तो बघ, तिथून उतरलो आपण." मग रुळांवरची गाडी, मग झुलती नाव. झुलत्या नावेत माझ्या पोटातून सगळं वर आलं. उतरल्या उतरल्या मी कुंपणाशी ओकले, आणि माझ्या आईनं पिशवीतून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवता फिरवता ती हसत सुटली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला राग आला होता. पण तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी लिंबू हुंगत तिच्याकडे बघत राहिले.

जीप आली ती दुपार कलताना. घाटात इंजिन तापून ती दोनदा उभी राहिली होती. पोरं आत पळाली. काकू एका बाकावर बसली ती बसलीच; पहाटेपासूनच्या धुरानं डोळे लाल झालेले. आप्पांचे पांढरे कपडे धुळीनं माखलेले, आणि त्यांच्या मागे दादा. आई तेव्हा बर्फाचा गोळा खात होती. ओठ लालभडक झाले होते.

आप्पा दादांना म्हणाले, "झाली म्हणावं हौस. पाच वाजता गाडीत बसायचं. पिशवी आणलीय."

आईनं गोळा खाली धरला. "आप्पा, खोली उद्या सकाळपर्यंत आमची आहे. आम्ही उद्या रेल्वेनं येऊ."

ती थेट बोलली. चारचौघांत, मोकळ्या केसांनी, लाल ओठांनी. आप्पांनाही मग थेट बोलावं लागलं. "दोन बाया रेल्वेनं फिरत येणार आन् माझी गाडी रिकामी जाणार? गावात काय सांगू मी?"

"सांगा, मागे जागा झाली. पोरांना पाय पसरता आले."

आप्पांची मान लाल झाली. ते दादांकडे वळले आणि आवाज न चढवता म्हणाले, "सांग हिला. आज गाडीत बसली नाय, तर माझ्या घरात पाय ठेवायचा नाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मीही नाही ठेवणार." माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. सगळे दादांकडे बघत होते. काकूसुद्धा. मला त्यांचा त्या क्षणीचा चेहरा आठवत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. चपला आठवतात. टाचेशी झिजलेल्या, धुळीनं भरलेल्या. दादांनी घसा साफ केला.

"इंदू," ते म्हणाले, "खोलीत खाटा किती आहेत?"

"दोन."

"मी खाली झोपतो मग. चटई असेल ना?"

पाच वाजता जीप गेली. आम्ही तिघं रस्ता ओलांडून लॉजवर आलो. मालकांनी दादांना पाहून हुश्श केलं आणि चटईऐवजी गादी पाठवली. चहा पिताना दादा आईला म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच मी उठायला हवं होतं पुढच्या सीटवरून." आई म्हणाली, "हो, हवं होतं." आणि त्यांच्या बशीत अर्धा चहा ओतला.

घरी आलो तर दार उघडं होतं, पण आमची ट्रंक आणि अंथरुणं गोठ्याशेजारच्या पडवीत नेऊन ठेवलेली होती. त्या दिवसापासून घरात दोन चुली झाल्या. पडवीला धड दार नव्हतं, शेणाचा वास यायचा, थंडीत म्हशींच्या श्वासानं ऊब मिळायची. आई त्या जागेत इतकी निवांत राहिली की आप्पांना तो अपमान वाटला असावा. आप्पा शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. "आधीही बोलत नव्हते," आई म्हणायची, "मला फरक कळला नाही." दादा रविवारी पडवीतला स्टोव्ह पेटवायला शिकले. मी पुढे शिकले, नोकरी केली, मला दाखवायला आणलेल्या दोन मुलांना तोंडावर नाही म्हटलं. त्या दोन्ही वेळी आई शेजारी बसून मटार सोलत होती आणि तिनं मान वर केली नाही.

त्या सहलीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. एका दुपारी आप्पा गावकीच्या कामाला गेले असताना काकू गोठ्याच्या बाजूनं पडवीत आली. महिनोन्‌महिने ती आमच्याकडे फिरकली नव्हती. आई गहू निवडत होती. काकू तिच्या समोर बसली, सुपातले खडे वेचायला लागली, आणि खाली बघतच म्हणाली, "इंदे, त्या लाजचा पत्ता दे की."

आईनं हात थांबवला. "तुम्हाला कुठे गाडी लागते, अक्का?"

"लागत नाय," काकू म्हणाली. "पर मला जायचंय."

आईनं सूप बाजूला सरकवलं. "पत्ता कशाला? मीच येते सोबत. चालाल ना कॅनॉलनं?"

"चालंन की."

आप्पांना काकूनं काय सांगितलं ते मला ठाऊक नाही; त्या दोन दिवसांत ते जीपच्या भोवती नुसते फेऱ्या मारत होते एवढं आठवतं. दोघी जावा पहाटे कॅनॉलच्या वाटेनं गेल्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या. काकूचा चेहरा इतका निवळलेला होता की मी तिच्याकडे बघतच राहिले. मी विचारलं, काकू, मोठ्या पाळण्यात बसलीस का? झुलत्या नावेत? ती म्हणाली, बागेत गेलोच नाही.

"मग दोन दिवस केलंत काय?"

काकूनं आईकडे पाहिलं, आईनं तिच्याकडे.

"झोपलो," काकू म्हणाली.